भेगाळ कातळातील प्रवाहाचे सिम्युलेशन: ॲडॅप्टिव्ह जाळी वापरताना या चुका टाळा

पुण्याच्या आसपास एका प्लॉटवरच्या बोअरला पाणी लागते आणि शेजारच्या बोअरमधून नुसता धुरळा उडतो, कारण दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी प्रामुख्याने सांधे, भेगा आणि झिजलेले थर यांच्या वाटेने वाहते. अशा खडकातील प्रवाह संगणकावर सोडवताना खडक लहान घटकांत विभागणारी जाळी गरज असेल तिथेच बारीक करणारी ॲडॅप्टिव्ह पद्धत सोयीची पडते. मात्र जाळी कशाकडे पाहून बारीक करायची, हे ठरवतानाच गफलत होते.

सर्वांत महागात पडणारी चूक मी स्वतः केली आहे. माझ्या मॉडेलमध्ये बेसॉल्टला छेदणारी, पाणी अडवणारी एक डाईक (भेगेत शिरून थिजलेल्या शिलारसाची भिंत) होती आणि दाबाचा उतार तीव्र असेल तिथे घटकांचे विभाजन करावे, असा निकष मी लावला होता. डाईकच्या दोन अंगांना दाब वेगळा असणारच. त्यामुळे तिथला उतार खराखुरा तीव्र होता आणि पट्टा कितीही चिरला तरी तो कमी होणार नव्हता. प्रोग्रॅम रात्रभर तेवढाच पट्टा चिरत बसला. सकाळी मेमरी संपल्याचा संदेश पडद्यावर होता आणि विहिरीभोवतीची जाळी होती तशीच जाडीभरडी.

अशी डाईक दाबाची उडी मान्य करणारा पृष्ठभाग म्हणून मांडावी आणि निकष उताराऐवजी प्रत्येक घटकातील पाण्याच्या जमाखर्चात उरलेल्या तफावतीवर बेतावा. पाणी वाहून नेणाऱ्या भेगेची गोष्ट उलटी असते: तिथे दाब सलग राहतो, पण दोन्ही बाजूंच्या प्रवाहात फरक पडतो. तो फरक म्हणजे भेगेत शिरलेले किंवा तिच्यातून बाहेर पडलेले पाणी असल्याने, भेगेच्या लांबीने होणारा प्रवाह हिशेबात घेतल्याशिवाय त्याला त्रुटी ठरवू नये.

भेगेच्या रुंदीबाबतची चूक मात्र जाळी कितीही बारीक केली तरी सुधारत नाही. समांतर भिंतींच्या भेगेतून वाहणारे पाणी रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे 0.1 मिलिमीटरऐवजी 0.2 मिलिमीटर धरले की प्रवाह आठपट. रुंदीच अंदाजपंचे घेतली असेल, तर दाबाच्या तिसऱ्या दशांश स्थळासाठी तास जाळण्यात अर्थ नाही.

पाण्यासोबत वाहणाऱ्या क्षाराचा लोट पुढे सरकल्यावर मागची जाळी पुन्हा जाड करताना क्षाराच्या सांद्रतेची साधी सरासरी घेतली, तर लहानमोठ्या घटकांमुळे वस्तुमानच बदलते. ती आकारमानाने आणि सच्छिद्रतेने भारित करून घ्यावी. एक्सप्लिसिट पद्धतीत (पुढच्या क्षणाचे उत्तर थेट मागच्या क्षणावरून काढताना) घटक निम्मा झाला की टाइमस्टेपही किमान त्याच प्रमाणात उतरवावी लागते, हे विसरल्यास उत्तरात दातेरी चढउतार दिसू लागतात.

प्रत्यक्ष क्षेत्राचे मॉडेल चालवण्यापूर्वी, नेमके उत्तर ठाऊक असलेली एकाच सरळ भेगेची चाचणी घ्यावी. अंदाजित आणि खऱ्या त्रुटीचे गुणोत्तर जाळी बारीक होताना जवळजवळ स्थिर राहिले पाहिजे. ते सतत वाढत किंवा घटत असेल, तर दोष निकषात शोधावा.