शिष्यवृत्ती कशी मिळवावी: कागदांपासून बँक खात्यापर्यंत

शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरायला फार तर तासभर लागतो. महिने जातात ते दाखले काढण्यात. मराठवाड्यात त्यात आणखी एक अडचण असते. अर्जाची मुदत पावसाळ्यात सुरू होऊन थंडीपर्यंत रेंगाळते, आणि नेमक्या त्याच काळात हजारो घरांतले आई-बाप ऊसतोडीसाठी कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे गेलेले असतात. ओटीपी येतो बापाच्या फोनवर, बाप असतो फडात आणि पोरगं बसलेलं असतं तालुक्याच्या नेट कॅफेत. म्हणून या लेखात फॉर्मपेक्षा कागदांवरच जास्त लिहिलं आहे.

आधी आपलं दार ओळखा

‘स्कॉलरशिप’ एवढाच शब्द मोबाइलवर शोधला तर निम्म्या जाहिराती आणि उरलेल्या मुदत संपलेल्या योजना दिसतात. त्यापेक्षा चार गोष्टी कागदावर लिहा: लेकराची इयत्ता किंवा अभ्यासक्रम, प्रवर्ग, घराचं वार्षिक उत्पन्न, आणि प्रवेश शासनाच्या कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून होणार की कॉलेजच्या पातळीवर. कोणती योजना आपली, हे बहुतेक यातूनच ठरतं.

लेकरू आठवीत असेल तर एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवाच. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५० टक्के. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित हवी. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. मराठा आणि कुणबी-मराठा विद्यार्थी या परीक्षेत पास झाले पण गुणवत्ता यादीत आले नाहीत, तर त्यांच्यासाठी सारथी या राज्य शासनाच्या संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये. हे बऱ्याच पालकांच्या कानावर येतच नाही. मुख्याध्यापकांना स्वतः जाऊन विचारा.

दहावीनंतर मुख्य दार म्हणजे राज्य शासनाचं महाडीबीटी पोर्टल. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख. उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल तरी निराश होऊ नका, फ्रीशिप नावाचा फी माफीचा वेगळा पर्याय आहे. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्या योजनाही याच पोर्टलवर आहेत, फक्त विभाग वेगळा. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिथे उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी फी सुटते. मुलींच्या बाबतीत २०२४-२५ पासून चित्र बदललं आहे. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे.

यात एक अट मात्र ठळक करून ठेवा: प्रवेश कॅप फेरीतून झालेला हवा. ‘मॅनेजमेंट सीट घ्या, स्कॉलरशिप आपण बसवू’ असं कुणी सांगत असेल तर पैसे भरायच्या आधी ते लेखी मागा. लेखी कुणी देत नाही, त्यातच काय ते समजून घ्या.

फीपेक्षा राहण्या-जेवणाचा खर्च जड जातो. खेड्यातून लातूरला किंवा संभाजीनगरला शिकायला गेलेल्या पोरांच्या घरी विचारून पाहा. शासकीय वसतिगृहाला अर्ज कराच. जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून भोजन, निवास आणि निर्वाहासाठी रक्कम मिळते, ती शहरानुसार कमी-जास्त असते. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी अशीच ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत. मात्र एकाच कारणासाठी दोन योजनांचा लाभ घेता येत नाही. वसतिगृहात राहून निर्वाह भत्ताही उचलला, तर पुढे वसुली निघते.

पट्टा पडला की दाखले काढायला घ्या

कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप हंगाम संपतो, आणि ऊसतोड टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. दाखल्यांसाठी हाच उत्तम काळ. नवं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू झालेलं असतं, घरचे गावात असतात आणि सेतूवर निकालानंतरची झुंबड अजून उसळलेली नसते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, तलाठ्याच्या अहवालावर तो मिळतो. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात विचाराल तर जुनंच नाव चालतं. दाखल्यावर मुदत लिहिलेली असते, बहुधा ३१ मार्च. गेल्या वर्षीचा दाखला जोडला की अर्ज परत येतो. आकडाही जपून लिहा. काही केंद्रांवर कुणीही आलं तरी ठरलेला एकच आकडा टाकतात. मग एका कागदावर चाळीस हजार, दुसऱ्यावर एक लाख असं होतं आणि छाननीत उत्तर देताना पालकांची बोबडी वळते. आणखी एक: शाळा-कॉलेजच्या कामासाठीच्या जात, उत्पन्न, रहिवासाच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. स्टॅम्पपेपर आणायला कुणी सांगितलं तर हे नम्रपणे त्याच्या लक्षात आणून द्या.

जातीचा दाखला ही इथली सगळ्यात किचकट पायरी. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा जातीचा आणि रहिवासाचा पुरावा मागतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुने महसुली कागद उर्दूत किंवा मोडीत सापडतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात खासरा पाहणी पत्रकाची नक्कल मागा. आजोबा-पणजोबांपैकी कुणी शाळेत गेलं असेल तर त्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा काढा. तो एक कागद पुढच्या दोन पिढ्यांना पुरतो. घरात चुलत्याचा, आत्याचा जात वैधता दाखला असेल तर त्याची प्रत जरूर जोडा, काम पुष्कळ हलकं होतं.

निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटिअरच्या आधारे मराठा समाजाला कुणबी दाखले देण्याचा शासन निर्णय २ सप्टेंबर २०२५ ला निघाला. तेव्हापासून अनेक मराठा घरांपुढे प्रश्न आहे: ओबीसीतून जायचं की एसईबीसीतून? तो निर्णय घरात बसून, पण कॅपचा फॉर्म भरायच्या आधी घ्या. कॅपमध्ये एक प्रवर्ग आणि महाडीबीटीवर दुसरा, असा अर्ज हमखास अडकतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल तर जात वैधतेचा अर्ज बारावीतच कॉलेजमार्फत जात पडताळणी समितीकडे पाठवा. प्रवेश झाल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.

शेवटी नावं जुळवा. आधार, टीसी, गुणपत्रिका आणि पासबुक शेजारी-शेजारी ठेवून एकेक अक्षर वाचा. कुठे ‘दत्ता’, कुठे ‘दत्तात्रय’ असेल तर आधार बदलून घेणं सहसा सोपं, बोर्डाची गुणपत्रिका बदलणं अवघड.

पैसा कुठल्या खात्यात येणार?

फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात पैसा येतो असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात तो आधारशी जोडलेल्या खात्यात येतो, आणि खाती दोन-चार असतील तर शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं तिथे. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कुठल्या बँकेत जोडलंय याची स्थिती दिसते, ती बघून घ्या. बँकेत जाऊन नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हणू नका, ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) एनपीसीआयला (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) मॅप करा’ असं सांगा. दोन्ही वेगळी कामं आहेत.

शाळेत असताना काढलेलं छोटं खातं असेल तर त्याची मर्यादा विचारा. पूर्ण केवायसी नसलेल्या खात्यात पन्नास हजारांच्या वर शिल्लक राहू शकत नाही, वर्षभरात एक लाखाच्या वर जमाही होत नाही. अशा खात्यावर मोठा हप्ता आला तर अडकू शकतो. अठरा पूर्ण झाले की खातं विद्यार्थ्याच्या नावानं नियमित करून घ्या.

फॉर्म भरताना

मोबाइल नंबर विद्यार्थ्याचाच द्या आणि तो आधारला जोडून घ्या. आई-बाप कारखान्याला निघायच्या आधीच सगळे ओटीपी, सह्या, अंगठे उरकून घ्या. युजरनेम-पासवर्ड वहीत लिहा. कॅफेवाल्याच्या डोक्यात ठेवू नका, पुढच्या वर्षी नूतनीकरणाला तोच हवा असतो. कॅफेवाला स्वतःचा नंबर टाकू पाहत असेल तर थांबवा. कागद मोबाइलवर फोटो काढून न टाकता स्कॅन करून टाका. पुसट शिक्का हे अर्ज परत येण्याचं सगळ्यात फालतू आणि सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

केंद्राचं राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, म्हणजे एनएसपी, वेगळं आहे. तिथे आधी एकदाची नोंदणी करून ओटीआर क्रमांक घ्यावा लागतो. बारावीत आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत वरच्या वीस टक्क्यांत असलेल्यांसाठी तिथे केंद्राची शिष्यवृत्ती आहे, पदवीला वर्षाला १२,००० रुपये, उत्पन्न मर्यादा साडेचार लाख. पदविका किंवा पदवीच्या तांत्रिक अभ्यासक्रमाला पहिल्या वर्षी असलेल्या मुलींसाठी एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती योजना वर्षाला ५०,००० देते, आणि एका घरातल्या दोन मुलींना ती घेता येते.

खासगी शिष्यवृत्त्यांमध्ये रिलायन्स फाउंडेशन, कोटक कन्या यांसारख्या योजना खऱ्या आहेत, पण स्पर्धा देशभरातली असते. अर्ज त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच करा. ‘प्रोसेसिंग फी’ म्हणून पाचशे रुपये मागणारा संदेश आला की तो पुसून टाका.

सबमिट केल्यानंतर

इथेच बहुतेक जण हात झटकतात. अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग जिल्ह्याच्या समाजकल्याण किंवा संबंधित विभागाकडे. अर्जाची प्रिंट कागदांसह कॉलेजात जमा करून पोच घ्या. पंधरा दिवसांनी स्थिती बघा. ‘सेंड बॅक’ दिसलं तर अर्ज नाकारलेला नाही, दुरुस्तीसाठी परत आला आहे. काय दुरुस्त करायचं ते शेऱ्यात लिहिलेलं असतं, आणि त्याला मुदत असते. कॉलेजच्या लॉगिनलाच अर्ज पडून राहत असेल तर प्राचार्यांना तारखेसह लेखी अर्ज द्या, तोंडी विनवण्या करत बसू नका. तरीही हलला नाही तर तीच पोच घेऊन सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात जा.

पैसे दोन हप्त्यांत येतात, कधी वर्ष उलटून गेल्यावरही. फीची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात आली तर ती लगेच कॉलेजात भरून पावती घ्या. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या फॉर्मला गेल्या वर्षाची गुणपत्रिका लागते आणि उपस्थितीही बघतात, म्हणून पोरांनी ऊस तोडायला गेलेल्या घरच्यांना भेटायला जाताना कॉलेजात रजेचा अर्ज देऊनच निघावं.