‘एगेइरो’चा अर्थ लावताना या चुका टाळा

बायबल अभ्यासात ‘एगेइरो’ हे ग्रीक क्रियापद निघालं की चर्चा थेट पुनरुत्थानाकडे वळते. स्ट्राँगच्या कोशात (बायबलमधल्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या कोशात) १४५३ क्रमांक उघडायचा आणि जागे करणे, उठवणे, उभे करणे, मेलेल्यांतून उठवणे हे सगळे अर्थ एकाच वचनात भरायचे, ही पहिली चूक. वादळात शिष्य झोपलेल्या येशूला उठवतात (मत्तय ८:२५), शब्बाथ दिवशी खाचेत पडलेलं मेंढरू वर काढलं जातं (मत्तय १२:११), राष्ट्रावर राष्ट्र उठतं (मत्तय २४:७). तिन्हीकडे हेच क्रियापद आहे आणि अर्थ अगदी रोजचा आहे.

‘एगेइरो’ म्हणजे देवानं उठवणं, ‘अनिस्तेमि’ (उठण्यासाठीचं दुसरं ग्रीक क्रियापद) म्हणजे स्वतःहून उठणं, अशी वाटणीही करू नका. याईराच्या मेलेल्या मुलीला येशू ‘एगेइरे’ म्हणतो; पुढच्याच वचनात ती उठते तिथे ‘अनिस्तेमि’ आहे (मार्क ५:४१-४२). इफिस ५:१४ मध्ये तर दोन्ही एकाच ओळीत येतात.

सर्वांत जास्त गोंधळ ‘एगेइरो’च्या ‘एगेर्थे’ या रूपावरून होतो. येशूच्या रिकाम्या कबरेपाशी बसलेला तरुण हाच शब्द उच्चारतो (मार्क १६:६). रूप कर्मणी आहे, म्हणून ‘त्याला उठवण्यात आलं’ एवढाच अर्थ शक्य आहे, असं ठासून सांगितलं जातं. पण ताप उतरल्यावर पेत्राची सासू उठून सेवा करू लागली, तिथेही नेमकं हेच रूप आहे (मत्तय ८:१५), आणि तिथे सगळे सरळ ‘ती उठली’ असंच वाचतात. नुसत्या रूपावर सिद्धांत उभारता येत नाही. देवानं ख्रिस्ताला उठवलं, हे १ करिंथ १५:१५ मध्ये पौल कर्तरी प्रयोगात स्पष्ट लिहितो. आधार तिथे शोधावा. योहान २:१९ मध्ये मात्र ‘मी ते उभारीन’ असं येशू स्वतः म्हणतो. यातलं एक वचन दाखवून दुसऱ्याचं तोंड बंद करणं मला प्रामाणिक वाटत नाही.

काळाकडे होणारं दुर्लक्ष मला सर्वांत जास्त खटकतं. १ करिंथ १५:३-५ मध्ये ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, केफाला (पेत्राला) दिसला ही क्रियापदं आओरिस्ट या ग्रीक काळात आहेत, म्हणजे घडून गेलेल्या घटना. मधलं ‘एगेगेर्ताई’ हे ‘एगेइरो’चं रूप तेवढं पूर्ण काळात आहे: उठवला गेला आणि आजही उठलेलाच आहे. त्याच अध्यायात पौल हे रूप ख्रिस्ताबद्दल सात वेळा वापरतो, शेवटचं विसाव्या वचनात.