तेविसाव्या बारपासून सुरू करा

जर्मन संगीतकार बाखचा सी मेजरमधला पहिला प्रेल्यूड, म्हणजे पियानोवर किंवा कीबोर्डवर वाजवायची एक छोटी रचना, मला पाठ होता. निदान तशी माझी समजूत होती. चार महिने रोज वाजवत होते, पुस्तक उघडायची गरज उरली नव्हती, बोटं आपसूक पुढे सरकायची. मग विद्यार्थ्यांच्या एका छोट्या कार्यक्रमात, तीसेक माणसांसमोर, बाविसाव्या बारनंतर (बार म्हणजे नोटेशनमधला तालाचा एक खण) हात थबकले. पुढचा स्वर कुठला, काही सुचेना. पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडले. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा उठले आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसले. माझं वय तेव्हा त्रेचाळीस. माझ्या आधी वाजवून गेलेला मुलगा नऊ वर्षांचा होता आणि त्याचं सगळं नीट झालं होतं.

पुढच्या तासाला बाई रागावल्या नाहीत. "तेविसाव्या बारपासून वाजव पाहू," एवढंच म्हणाल्या. मला जमेना. कोणी "सोळा सत्ते?" विचारलं की सोळा एके सोळापासून जिना चढत येणाऱ्या पोरासारखी माझी गत झाली.

हात बसणं वेगळं आणि पाठ असणं वेगळं. मी दोन्ही एकच धरून चालले होते. हात बसतो तेव्हा प्रत्येक हालचाल पुढच्या हालचालीला उठवत असते, आणि ही साखळी घरी निवांत असताना उत्तम चालते. अनोळखी वाद्य, गार पडलेली बोटं, समोर माणसं, यातलं काहीही झालं आणि एक कडी निसटली की मध्येच चढायला जागाच नसते. त्या दिवसापासून मी एकच कसोटी लावते: रचनेत कुठूनही सुरू करता आलं तरच ती पाठ. खालचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

सुरुवात वाद्यावर करू नका. पेन्सिल घ्या आणि बारना क्रमांक घाला. मग रचनेचे तुकडे पाडा, पण पानावरची ओळ संपते तिथे नव्हे, संगीत जिथे श्वास घेतं तिथे. या प्रेल्यूडचे बार 35. माझे तुकडे असे: 1 ते 4, 5 ते 11, 12 ते 19, 20 ते 23, 24 ते 31 आणि 32 ते 35. प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या बारवर मी गोल करते आणि त्याला 'थांबा' म्हणते, कारण वाट चुकले तर तिथून पुन्हा गाडी पकडायची असते. (काही छापील प्रतींत बार 36 भरतात. बाविसाव्यानंतर कोणीतरी एक जादा बार घुसडला आणि तो पुढे छापला जात राहिला. तुमच्या प्रतीत असा बार असेल तर तेविसाव्यापासून माझे आकडे एकाने पुढे सरकवा.)

आता वाद्यावर बसा, पण लिहिलंय तसं वाजवू नका. या रचनेत जवळजवळ प्रत्येक बार म्हणजे सुटे सुटे वाजवलेले एका कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचे, पाच स्वर. ते पाचही एकदम दाबा आणि पुढच्या बारवर जा. चार मिनिटांत अख्ख्या रचनेचा सांगाडा हाताखाली येतो. हार्मोनियमवरून आलेल्यांना मी तो सरगममध्येच सांगते. पांढरी एक हा सा धरला तर पहिला बार सा ग प सा ग, दुसरा सा रे ध रे म, तिसरा खालच्या नीवरून नी रे प रे म, आणि चौथा म्हणजे पुन्हा पहिलाच. घरातून निघून घरी परत. हे कळल्यावर चार बार पाठ करायला काय उरलं?

असं बघत गेलं की फुकटात मिळणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. सात ते अकरा हे पाच बार पाहा आणि मग पंधरा ते एकोणीस पाहा. तेच आहेत, सगळे स्वर पाच पायऱ्या खाली उतरवलेले. एकोणिसावा तर पहिलाच बार, एक सप्तक खाली. मी चार महिने हे दहा बार वेगवेगळे घोकत होते, आणि हे समजल्यावर स्वतःचाच राग आला.

पण अशा जोड्या धोक्याच्याही असतात. रेल्वेचा सांधा बदलतो तसं इथे होतं. अकराव्यानंतर बाराव्यात जायचं आणि एकोणिसाव्यानंतर विसाव्यात. दोन्हीकडे कोमल नी येतो, म्हणून हात बिनदिक्कत चुकीच्या रुळावर जातो. मी तिथे एकच गोष्ट डोक्यात ठेवते: बाराव्यात तळाचा स्वर प, विसाव्यात सा. तुमच्या रचनेत एकसारख्या दिसणाऱ्या जागा शोधा आणि फरक शब्दांत सांगा, मोठ्याने सांगा. फरक सांगता येत नसेल तर कार्यक्रमात सांधा बदलणार, हे ठरलेलं.

आणि माझा तो तेविसावा बार. एकविसाव्यापासून फक्त तळाचे स्वर वाजवून पाहिले: म, तीव्र म, कोमल ध, प. तळाचा स्वर पंचमाच्या खाली येतो, त्याला ओलांडून वर जातो आणि मग त्यावर बसतो. बसतो म्हणजे बसतोच, चोविसाव्यापासून एकतिसाव्यापर्यंत आठ बार तळाला दुसरं काही नाही. ज्या जागेने मला तीनदा उठवलं तिची गोष्ट एवढीच होती. बोटांना ती ठाऊक होती, मला नव्हती.

बोटांचं बोलायचं तर, कुठल्या स्वराला कुठलं बोट हे पहिल्या आठवड्यातच ठरवा आणि अवघड जागी आकडे लिहून ठेवा. आज तिसरं, उद्या चौथं असं चाललं तर हाताला कळतच नाही की नेमकं काय लक्षात ठेवायचं. ठरवलेलं बोट गैरसोयीचं निघालं तर जरूर बदला, पण कार्यक्रमाला दोन आठवडे उरले की हात जोडा आणि आहे तेच ठेवा.

वेगाबद्दल सगळे सांगतात, कोणी ऐकत नाही. मीही ऐकत नव्हते. मेट्रोनोमला, म्हणजे ठरलेल्या वेगात टिकटिक करणाऱ्या यंत्राला, माझ्याकडे एकच काम आहे, मला रोखणं. ज्या वेगात पुढचा कॉर्ड वाजण्याआधी मनात दिसतो तो त्या दिवसाचा वेग, मग तो मिनिटाला 40 ठोके का असेना. त्याहून जलद वाजवून चूक केली की चुकीचाही सराव होतो. हाताला बरोबर आणि चूक यातलं काही कळत नाही, त्याला फक्त किती वेळा केलं ते कळतं. मी वाद्याच्या डाव्या टोकाला पाच बटणं ठेवते. तुकडा बिनचूक वाजला की एक बटण उजवीकडे, चुकला की सगळी परत डावीकडे. पाचवं बटण सरकवताना छातीत जी धडधड होते ती कार्यक्रमातल्या धडधडीची धाकटी बहीण आहे, म्हणून हा खेळ मला आवडतो. दमलेल्या दिवशी तीनच बटणं घेते. थकून पाचाचा हट्ट धरला की चिडचिड होते आणि नेमकी तीच पाठ होते.

तुकडे शेवटाकडून शिका. आधी 32 ते 35, मग 24 ते 31 वाजवून त्यात उतरा, मग 20 पासून. वरवर उलटं वाटेल, पण पहिल्यापासून शिकणाऱ्याचा पहिला तुकडा शंभर वेळा वाजतो आणि शेवटचा दहा वेळा, त्यामुळे जसजसे पुढे जाल तसतशी जमीन भुसभुशीत होते. मागून आलात तर प्रत्येक पाऊल ओळखीच्या प्रदेशाकडे पडतं.

तुकडे जुळले की चिठ्ठ्या करा. माझ्या एका जुन्या डबीत एक ते सहा आकड्यांच्या चिठ्ठ्या आहेत. एक काढायची आणि त्या थांब्यापासून वाजवायचं, मागचा बार वाजवून 'धाव' न घेता. पहिल्या दिवशी सहापैकी दोनच थांबे लागले होते. ही चाचणी अप्रिय आहे, आणि त्यामुळेच ती मी वगळत नाही.

दोन हातांच्या रचनेत त्याहून अप्रिय चाचणी म्हणजे नुसता डावा हात. प्रेल्यूडमध्ये एकच ओळ दोन हातांत वाटलेली असल्याने तिथे ती फारशी कळत नाही. बाखचंच पहिलं इन्व्हेन्शन (दोन हातांची छोटी रचना) घ्या, सी मेजरमधलं, 22 बारांचं. उजवा हात सा रे ग म रे ग सा प म्हणतो आणि अर्ध्या बारनंतर डावा तेच सप्तकभर खाली म्हणतो. दोघांचा मान सारखा. तरी बहुतेकांना उजवा पाठ असतो आणि डावा उजव्याचं बोट धरून चालत असतो. उजवा हात मांडीवर ठेवा आणि डावा एकटा शेवटपर्यंत जातो का बघा. माझा सातव्या बारपलीकडे गेला नव्हता.

मग वाद्य बंद करून बसा. डोळे मिटा, रचना मनात वाजवा, पण नुसती चाल गुणगुणू नका. पट्ट्या दिसल्या पाहिजेत, कुठलं बोट पडतंय ते जाणवलं पाहिजे. जिथे धुकं येतं तिथे पुस्तक उघडा, तेवढी जागा बघा, पुन्हा मिटा. पियानोवादक वॉल्टर गीझकिंग आणि त्यांचे गुरू कार्ल लाइमर तर रचना वाद्याला हात लावायच्या आधी, नुसतं नोटेशन वाचून पाठ करण्याचा आग्रह धरत. माझ्यासारखीला ते अख्ख्या रचनेसाठी झेपत नाही. चार बार झेपतात. झोपण्याआधी चार बार, एवढा माझा नेम आहे.

झोपेवरून वेळेचा मुद्दा आला. मी पूर्वी सुट्टीच्या दिवशी सलग तीन तास बसायचे आणि अधेमधे वाद्याला हात लावत नसे. तिसऱ्या तासाला सगळं झकास वाजायचं, त्यामुळे आपण शिकलो असं वाटायचं, आणि तीन दिवसांनी पाटी कोरी. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि मग मंदावतो. त्याने निरर्थक अक्षरं पाठ केली होती, आपल्याकडे निदान सूर आहेत. पण उपाय तोच, विसरायला लागण्याच्या वेळी पुन्हा गाठायचं. नवा तुकडा मी आज, उद्या, मग दोन दिवसांनी आणि मग चार दिवसांनी घेते. हातांची कौशल्यं झोपेत पक्की होत जातात, म्हणून काल रात्री अडखळलेली जागा सकाळी आपोआप सुटलेली मिळते तेव्हा चमत्कार मानू नका.

रोजचं माझं गणित वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी. त्या वीस मिनिटांतही एकच तुकडा दळत बसत नाही. तीन तुकडे पाच-सहा मिनिटांनी आलटून पालटून घेते. परत येताना डोक्याला तुकडा नव्याने शोधावा लागतो, आणि खरा सराव तो शोधच. सकाळी बसल्यावर पहिली गोष्ट म्हणजे गार हातांनी, कसलीही तयारी न करता, एक चिठ्ठी. दिवसातला सर्वांत प्रामाणिक निकाल तोच असतो. फोनवर तो ध्वनिमुद्रित करून ऐका. मला वाटायचं मी लयीत वाजवते.

इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवाल्यांसाठी दोन गोष्टी. ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे स्वर वरखाली सरकवणारं, बटण सरावात वापरू नका. बोट पांढरी एक दाबतंय आणि कानाला दुसराच स्वर येतोय, अशाने डोळे, हात आणि कान तिघांची साक्ष वेगवेगळी होते, आणि पाठांतर उभं असतं ते या तिघांच्या एकमतावर. दुसरं म्हणजे, 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर हा प्रेल्यूड जेमतेम मावतो, शेवटच्या चार बारांतला तळाचा सा अगदी डावीकडच्या पहिल्याच पट्टीवर येतो. घरी टोकाची पट्टी म्हणून न बघता सापडते. 88 पट्ट्यांच्या पियानोवर तिथे टोक नसतं. कार्यक्रम दुसऱ्या वाद्यावर असेल तर आधी दहा मिनिटं त्याच्यापाशी मागून घ्या आणि थांबे तेवढे वाजवून बघा.

प्रत्यक्ष वाजवताना अडलात तर मागे जायचं नाही, पुढच्या थांब्यावर उडी मारायची. याचाही सराव लागतो. घरी कोणाला तरी मध्येच टाळी वाजवायला सांगा आणि टाळी पडली की पुढचा थांबा पकडा. माझ्या मुलीला हे काम फार आवडतं, जरा जास्तच.

पाठ झालेली रचनाही महिन्यातून एकदा पुस्तक उघडून, सावकाश, अगदी पहिल्यांदा बघितल्यासारखी तपासा. प्रेल्यूड दुसऱ्यांदा लोकांसमोर नीट वाजला, त्याला वर्ष झालं होतं. कौतुकही झालं होतं. एका रविवारी सहज पुस्तक काढलं, तर सोळाव्या आणि सतराव्या बारमधले वरचे चार स्वर एकच, फरक फक्त तळाचा: सोळाव्यात ग, सतराव्यात रे. मी दोन्हीकडे रे वाजवत होते, आणि किती महिने ते कुणास ठाऊक.