टर्बो गाडीचं ऑइल घेताना डब्याची मागची बाजू वाचा

गोवा-बेळगाव रस्त्यावरचा चोर्ला घाट टर्बो गाडीने जोरात चढताना ऑइलचा खरा कस लागतो. तरी दुकानात बहुतेकजण पुढचं ‘फुल्ली सिंथेटिक’ वाचूनच डबा उचलतात. तो फिरवा. मागे बारीक अक्षरांत गाडीच्या कंपनीची मान्यता छापलेली असते, मर्सिडीजची २२९.५, बीएमडब्ल्यूची लाँगलाइफ-०४ वगैरे. तुमच्या मॅन्युअलमधला नंबर तिथे जसाच्या तसा हवा. ब्रँड कुठला, हा प्रश्न माझ्या मते त्यानंतरचा.

‘५डब्ल्यू-४०’ मधला पहिला आकडा थंडीतल्या स्टार्टचा. गोव्यात त्यावर डोकं शिणवायचं कारण नाही. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. मॅन्युअलमध्ये ३० आणि ४० दोन्ही चालत असतील आणि गाडी दामटायची सवय असेल, तर ४० घ्या. फक्त २० किंवा ३० सांगितलं असेल, तर मेकॅनिक कितीही म्हणाला तरी जाड ऑइल घालू नका. ऑइल पंप आणि व्हॉल्व्ह टायमिंगची (व्हॉल्व्ह कधी उघडायचे-मिटायचे ते ठरवणारी) यंत्रणा मॅन्युअलमधल्या दाटपणावर बेतलेली असते.

डायरेक्ट इंजेक्शनचं (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) टर्बो पेट्रोल इंजिन असेल तर डब्यावर एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा एसपी दर्जा बघाच. २०२० साली आलेला हा दर्जा कमी आरपीएमवर जोर देताना होणाऱ्या अवेळी ज्वलनापासून इंजिनाला जपतो.

पावसाळ्यात गाडी पणजीतल्या पणजीतच फिरते? इंजिन पुरतं तापत नाही, ओलावा ऑइलमध्येच राहतो. ऑइल ओतायच्या तोंडाच्या (फिलरच्या) झाकणाखाली दुधाळ, कॉफीच्या रंगाचा फेस दिसला तर गाडी हायवेवर अर्धा तास चालवा. तरीही फेस जात नसेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ऑइलमध्ये गळतंय का ते तपासून घ्या. किलोमीटर भरले नसले तरी ऑइल वर्षाला बदला.