अणूचा आकार: या चुका टाळा

'अणुअंक (केंद्रकातल्या प्रोटॉनची संख्या) वाढला की अणू मोठा' ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. लिथियमचा अणुअंक ३, त्रिज्या १५२ पिकोमीटर (मीटरचा लाख-कोटीवा भाग). ऑक्सिजनचा अणुअंक ८, त्रिज्या फक्त ६६. एका आवर्तात (आवर्तसारणीच्या आडव्या ओळीत) नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात जातो, केंद्रकात मात्र दरवेळी एक प्रोटॉन वाढतो. ओढ वाढते, कवच आत खेचलं जातं. गणात (उभ्या स्तंभात) खाली उतरताना नवं कवच येतं, म्हणून सोडियम १८६ आणि पोटॅशियम २३१.

आकाराचा क्रम लावायला मूलद्रव्यं उलटीसुलटी दिली असतील तर आधी प्रत्येकाचं इलेक्ट्रॉन संरूपण (कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन) लिहा, मग गण आणि आवर्त ठरवा. नुसती कवचं मोजून क्रम लावू नका. क्लोरीनला तीन कवचं, लिथियमला दोनच. तरी क्लोरीन ९९ वरच थांबतो. गण आणि आवर्त दोन्ही वेगळे असतील तर मधला दुवा शोधा: पोटॅशियम सोडियमपेक्षा मोठा, सोडियम मॅग्नेशियमपेक्षा मोठा, म्हणून पोटॅशियम मॅग्नेशियमपेक्षा मोठा. लिथियम-क्लोरीनसारख्या जोडीत असा दुवा सापडत नाही, तिथे आकडेच बघावे लागतात.

अणूचा आकडा आयनाला (इलेक्ट्रॉन गमावलेल्या किंवा मिळवलेल्या अणूला) लावणं ही त्याहून मोठी चूक, आणि आपल्याकडे तर ती शेताच्या बांधावरही होते. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात मातीतला सोडियम हटवायला जिप्सम (कॅल्शियमचं खनिज) टाकतात. 'कॅल्शियम मोठा, म्हणून तो सोडियमला ढकलतो' हे उत्तर साफ चूक आहे. सोडियम १८६ आणि कॅल्शियम १९७ हे अणूंचे आकडे. मातीत असतात ते आयन: सोडियमचा ९५, कॅल्शियमचा ९९, म्हणजे जवळपास सारखेच. फरक प्रभाराचा. कॅल्शियमवर दोन धन प्रभार असल्यामुळे चिकणमातीचे ऋण प्रभारित कण त्याला जास्त घट्ट धरतात आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली झिरपतो. म्हणूनच जिप्समनंतर पाण्याचा निचरा लागतो.

ऋण आयन मात्र फुगतो. फ्लुओरीनचा अणू ६४, तर यवतमाळकडच्या बोअरच्या पाण्यातला फ्लोराइड आयन १३६. इलेक्ट्रॉन वाढला, प्रोटॉन तेवढेच राहिले, इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात.

तक्त्यात निऑन अचानक मोठा दिसला तर नियम मोडला असं समजू नका. त्याचे बंध होत नाहीत, त्यामुळे त्याची त्रिज्या वेगळ्या पद्धतीने मोजतात. फ्लुओरीनशी तुलनाच करू नका.

अकरावीच्या मुलांनी गॅलियम लक्षात ठेवावा. ॲल्युमिनियम १४३, त्याच्याखालचा गॅलियम मोठा हवा, पण आहे १३५. मध्ये भरलेले दहा डी-इलेक्ट्रॉन (डी उपकवचातले) केंद्रकाची ओढ नीट अडवत नाहीत.