ऑडॅसिटीत स्टिरिओ ध्वनीचा ५.१ सराउंड कसा करावा

५.१ सराउंड म्हणजे एकाच फाइलमध्ये ठरलेल्या क्रमाने ठेवलेले सहा स्वतंत्र मोनो (एकाच चॅनलचे) आवाज: पुढचा डावा, पुढचा उजवा, सेंटर, सबवूफरचा एलएफई (फक्त खोल खर्जासाठीचा चॅनल), मागचा डावा आणि मागचा उजवा. वेव्ह आणि फ्लॅक फाइलमध्ये हाच क्रम चालतो. एमपीथ्रीमध्ये दोनच चॅनल मावतात, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नये. लागणारी दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. मिक्स करायला ऑडॅसिटी आणि ऐकायला व्हीएलसी.

आधी चाचणीची फाइल

गाण्याला हात लावण्यापूर्वी पाच मिनिटे इथे घालवा, पुढचे तास वाचतात. नव्या प्रोजेक्टचा सॅम्पल रेट (सेकंदाला घेतले जाणारे ध्वनीचे नमुने) ४८००० ठेवा आणि सहा मोनो ट्रॅक तयार करा. पहिल्यात "पुढे डावा", दुसऱ्यात "पुढे उजवा" असे स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा, प्रत्येक ट्रॅक आधीच्यापेक्षा पाच सेकंद उशिरा सुरू होईल असा. एलएफईसाठी मात्र ५० हर्ट्झचा टोन घाला, कारण त्या चॅनलवर बोलणे ऐकूच येणार नाही.

आता एक्सपोर्ट करताना चॅनलच्या जागी मोनो किंवा स्टिरिओ न निवडता कस्टम मॅपिंग निवडा, कॉन्फिगर उघडा आणि चॅनलसंख्या ६ करा. डावीकडे ट्रॅक दिसतात, उजवीकडे चॅनल. ट्रॅक वरून खाली योग्य क्रमात असतील तर रेघा आपोआप बरोबर जुळतात. एका ट्रॅकवरून एकच रेघ निघते आहे ना, एवढे पाहा.

ऑडॅसिटी स्वतः फक्त स्टिरिओत वाजवते. तिथे सगळे आवाज मधूनच येतात, म्हणून अनेक जण मिक्स चुकला असे समजतात. फाइल व्हीएलसीत ऐका. कोडेकच्या माहितीत "३एफ२आर/एलएफई" दिसले की सहाही चॅनल पोचले. तरीही फक्त पुढचे दोन स्पीकर वाजत असतील तर संगणकाच्या ध्वनी सेटिंगमध्ये ५.१ निवडलेले नसते, किंवा जोडणी ऑप्टिकल केबलची असते. ऑप्टिकल केबलवरून साधा, न दाबलेला ध्वनी दोनच चॅनलचा जातो. तिथे एचडीएमआय वापरा, नाहीतर फाइल एसीथ्रीमध्ये (सराउंड ध्वनी दाबून ठेवणाऱ्या स्वरूपात) काढा. त्यासाठी ऑडॅसिटीला एफएफएमपेग लायब्ररी जोडावी लागते. एसीथ्रीचा कमाल बिटरेट ६४० केबीपीएस आहे, तोच ठेवा.

स्टिरिओतून सहा ट्रॅक

मूळ स्टिरिओ ट्रॅकच्या दोन जादा प्रती करा. मग तिन्हींवर ट्रॅकच्या मेनूतून "स्प्लिट स्टिरिओ टू मोनो" द्या. त्याच्या शेजारी नुसते "स्प्लिट स्टिरिओ ट्रॅक" असते. ते घेतले तर तुकडे डावी-उजवीकडे पॅन झालेले राहतात आणि पुढचे गणित बिघडते.

पहिली जोडी पुढचे डावे-उजवे म्हणून तशीच राहू द्या.

दुसऱ्या जोडीतले दोन्ही ट्रॅक ६ डेसिबलने खाली आणा, दोन्ही निवडा आणि "मिक्स अँड रेंडर" द्या. हा झाला सेंटर. दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज, म्हणजे बहुधा गायन, इथे ठळक येतो. तो पूर्ण जोरात ठेवला तर पुढचा पसारा आक्रसून गाणे मोनोसारखे वाटते. म्हणून अजून ३ ते ६ डेसिबल कमी करून सुरुवात करा. गायनाचा वेगळा ट्रॅक हाताशी असेल तर ही सगळी खटपट सोडा आणि तोच सेंटरला द्या.

मागच्या स्पीकरांसाठी तिसरी जोडी. त्यातला उजवा ट्रॅक इन्व्हर्ट (उलटा) करा, मग दोन्ही मिक्स करा, म्हणजे डाव्यातून उजवा वजा होतो. मधले गायन बरेचसे नाहीसे होते, उरतो तो खोलीचा घुमारा आणि कडेची वाद्ये. या ट्रॅकला १०० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा आवाज गाळणारा) आणि ७००० हर्ट्झचा लो-पास (त्यावरचा गाळणारा) लावा, कारण मागून तीक्ष्ण "स" ऐकू आला की मान वळते. त्याची एक प्रत करा. एकीच्या सुरुवातीला ०.०१५ सेकंद आणि दुसरीच्या ०.०२२ सेकंद शांतता घाला. कान आधी पोचलेल्या आवाजाची दिशा पकडतो, त्यामुळे गाणे पुढेच राहते. दोन्ही मागचे अगदी सारखे ठेवले तर आवाज डोक्याच्या आत बसल्यासारखा वाटतो.

वजाबाकी केल्यावर जवळजवळ काहीच उरले नाही, तर मूळ ध्वनिमुद्रणच मोनो आहे. मग सेंटरची प्रत घेऊन तिच्यावर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) लावा, "वेट ओन्ली" चालू ठेवून, म्हणजे नुसता घुमारा उरतो. मागच्यांसाठी तीच वापरा.

एलएफईबद्दल गैरसमज फार. सबवूफरला खर्ज मिळावा म्हणून हा चॅनल भरावाच लागतो असे नाही. लहान स्पीकर असलेला रिसीव्हर (स्पीकर चालवणारे यंत्र) बाकीच्या चॅनलमधला खर्ज स्वतःच तिकडे वळवतो. गाण्यासाठी तिथे शांतता ठेवलेली बरी. स्फोट किंवा गडगडाट हवाच असेल तर १२० हर्ट्झचा लो-पास लावा, रोल-ऑफ (गाळण्याचा उतार) २४ डेसिबल घ्या आणि पातळी १० डेसिबल खाली ठेवा, कारण वाजवताना हा चॅनल तेवढाच वर उचलला जातो.

एक्सपोर्ट करण्यापूर्वी

म्यूट असलेला ट्रॅक एक्सपोर्टमध्ये येत नाही आणि त्याच्या खालचे सगळे चॅनल एक घर वर सरकतात. सबवूफरमधून मागचा आवाज येऊ लागला की आधी हेच तपासा.

सहा चॅनलची २४ बिट, ४८००० हर्ट्झची वेव्ह दर मिनिटाला सुमारे ५२ एमबी घेते. वेव्हची मर्यादा ४ जीबी असल्याने साधारण ८२ मिनिटांच्या पुढे फ्लॅक घ्या. त्यात आठ चॅनलपर्यंत मावतात.

शेवटी तीच फाइल हेडफोनवर ऐका. स्टिरिओत उतरवताना सेंटर आणि मागचे चॅनल सहसा ३ डेसिबल कमी करून पुढच्यांत मिसळतात, आणि एलएफई बहुधा टाकून दिला जातो. पुढचा, सेंटर आणि मागचा असे तिन्ही एकाच वेळी शिगेला असतील तर बेरीज ७ डेसिबलहून जास्त वर जाते. कर्कश फाटल्यासारखे ऐकू आले, तर सहाही ट्रॅक एकत्र निवडून सारख्याच प्रमाणात खाली आणा आणि पुन्हा काढा.