जुन्या ई २२० ची रेस वर-खाली होते? पार्ट बदलण्याआधी वायर बघा, या चुका टाळा

१९९५ मध्ये पुण्यात मर्सिडीज बनू लागली ती डब्ल्यू १२४ या पिढीच्या ई-क्लासपासून. त्यातली पेट्रोलवरची ई २२० अजूनही काही घरांत जिवापाड जपलेली दिसते. माझ्याकडेही एक आहे. एका पावसाळ्यात तिचं आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचं चालू राहणं, बिघडलं. सिग्नलला थांबलं की इंजिनच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला ५०० वर यायचा, मग १२०० वर उडी मारायचा, मधूनच इंजिन बंद. गाडी पळायला लागली की सगळं ठीक. एका गॅरेजने प्लग बदलले, मग आत जाणारी हवा मोजणारं एअर मास मीटर बदललं, आणि शेवटी ‘ईसीएम गेला’, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर गेला, असं सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी घरी आणली आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या कप्लरवरची, म्हणजे वायर जोडायच्या प्लगवरची, रबरी टोपी मागे सरकवली. वायरवरचं आवरण जुन्या पापडासारखं बोटांत चुरलं. आत उघडं तांबं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय!

साधारण १९९२ ते १९९५ या काळातल्या मर्सिडीजच्या इंजिन हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, हा जन्मजात रोग आहे. त्या वायरींचं आवरण पर्यावरणपूरक, लवकर विघटन होणारं होतं. इंजिनच्या उष्णतेने ते कडक होतं, तडकतं आणि गळून पडतं. मग शेजारच्या दोन वायरी एकमेकींना लागतात, इंजेक्टरचा आणि सेन्सरचा सिग्नल मिसळतो, आणि ईसीएमला खोटी माहिती मिळते. तो त्या खोट्या माहितीवर इमानाने काम करतो. म्हणून गाडी कधी मिसिंग करते, कधी जादा पेट्रोल पिते, कधी चालूच होत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे हार्नेस वरून बघून ‘वायरिंग चांगलं आहे’ म्हणणं. बाहेरची काळी स्लीव्ह धडधाकट राहते, आतलं मेलेलं असतं. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि इंजेक्टर, कूलंट टेम्परेचर सेन्सर, एअर मास मीटर अशा गरम जागेच्या कप्लरपाशी स्लीव्ह दोन बोटं मागे घ्या. आवरणावर नख हलकेच दाबा. चिरा दिसल्या की तिथेच थांबा, पुढे वाकवून पाहू नका. ‘इंजिन चालू ठेवून वायर हलवून बघू’ हा एरवीचा चांगला उपाय इथे घातक आहे. हलवताना झालेला एक शॉर्ट ईसीएममधलं इंजेक्टर चालवणारं सर्किट जाळू शकतो. आणि उघड्या वायरींजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालूच करू नका.

दुसरी चूक मला जास्त सलते, कारण ती नवा हार्नेस बसवल्यावरही होते. या गाडीत आयडलिंगसाठी वेगळा हवेचा व्हॉल्व्ह नाही, हवेची वाट उघडणारी थ्रॉटलची पाकळीच एक छोटी मोटर हलवते. ती मोटर म्हणजे ॲक्च्युएटर. तो, आणि त्याच्या पोटातून बाहेर येणारी केबलही त्याच काळातली, त्याच आवरणाची. मुख्य हार्नेस बदलून ही केबल तशीच ठेवली, तर रेस पुन्हा नाचते आणि माणूस म्हणतो, ‘एवढा खर्च वाया गेला.’ दोन्ही एकाच वेळी तपासा. ॲक्च्युएटर उघडून त्यातल्या वायरी नव्याने घालणारे कारागीर असतात. काम नाजूक आहे, पण नव्या भागापेक्षा परवडतं. थ्रॉटल साफ करताना स्प्रे थेट आत मारू नका, कापडावर घेऊन पुसा.

कार्बोरेटरवर वाढलेले मेकॅनिक सवयीने थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवतात. तो आयडलिंगचा स्क्रू नाही. फिरवला की ॲक्च्युएटरचा हिशेब चुकतो आणि मूळ दोष आणखी लपतो.

तपासणीच्या हत्यारांत बल्बचा टेस्ट लॅम्प दूर ठेवा. तो ईसीएमच्या सर्किटमधून नको इतका करंट ओढतो. डिजिटल मल्टिमीटर घ्या. कप्लर काढून इंजेक्टरच्या दोन पिनांवर थंड अवस्थेत साधारण १४ ते १७ ओहम यायला हवेत. आकडा बरोबर आला, तर इंजेक्टरची कॉइल शाबूत आहे. संशय वायरीवर न्या. वायरीत सुई टोचून माप घेण्याची सवयही सोडा. त्या भोकातून पावसाळ्यात ओल शिरते, आणि कोकणातल्या दमट हवेत हिरवा थर चढायला फार दिवस लागत नाहीत.

आवरण चुरलेल्या वायरीवर टेप गुंडाळणं म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला रंग देणं. टेप लावलेल्या जागेच्या बोटभर पुढे वायर तितकीच सडलेली असते. जुन्या बाजारातला हार्नेस घ्यायचा मोह होतो, पण तोही त्याच वयाचा. हार्नेसवर बनवल्याच्या तारखेचं लेबल असतं, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. १९९६ नंतरची तारीख दिसली तर सहसा सुधारलेलं आवरण असतं. नवा मिळत नसेल, तर जुने कप्लर ठेवून एकेक वायर उष्णता सोसणाऱ्या गाडीच्या वायरीने बदलून घ्या. इंजिनचा वेग मोजणाऱ्या क्रँक सेन्सरची जाळीदार शील्ड असलेली केबल मात्र साध्या वायरीने बदलू नका. जोड क्रिम्प करून, म्हणजे दाबून आवळून, त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवा. नुसत्या सोल्डरचा जोड कंपनांनी कडेला तुटतो.

वायरिंग निर्दोष निघालं तरच बाकीचं बघा: इंजिनचा अर्थिंगचा पट्टा गंजलाय का, इनटेकचे रबरी पाइप तडकून हवा ओढतात का, उंदरांनी काही कुरतडलंय का. इंधनाच्या रबरी नळ्याही याच वेळी पाहा. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल त्या रबराच्या काळात कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

काम झालं की डायग्नोसिस सॉकेटवरून जुने फॉल्ट कोड पुसा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि एसी, दिवे बंद ठेवून काटा पाहा. तो ७५० च्या आसपास स्थिर राहिला की एसी लावा. क्षणभर खाली जाऊन तो पुन्हा सावरला पाहिजे. मग बॉनेट उघडं ठेवून नव्या हार्नेसची तारीख आणि प्रत्येक कप्लरचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या कोणाच्या हाती गेली, तर त्याला अंदाजाने पार्ट बदलावे लागणार नाहीत.